धर्मगुरूंच्या मुलांना फीसवलत : केंब्रिजमध्ये कोणाला काय पडते?

केंब्रिजमधल्या खाजगी शाळांच्या फीचे पान उघडले की वरचा ठळक आकडा पाहूनच बहुतेक मराठी पालक मागे फिरतात. खालचा सवलतींचा परिच्छेद वाचायचा राहून जातो. ब्रिटनमधल्या खाजगी शाळांत भावंडांना सवलत असते, शाळेतल्या शिक्षकांच्या मुलांना असते, लष्करातल्या कुटुंबांना असते आणि ख्रिस्ती परंपरेच्या बऱ्याच शाळांत धर्मगुरूंच्या मुलांनाही असते. या शेवटच्या सवलतीबद्दल मला पालकांकडून पुन्हा पुन्हा विचारले जाते. चर्चमधल्या पाळकाच्या मुलीला कमी फी आणि ॲडनब्रुक्स रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या नर्सच्या मुलीला पूर्ण फी, हे कितपत बरोबर? आणि या सवलतीचे पैसे शेवटी कोण भरते?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबातून देता येते. म्हणून आधी हिशेब मांडू, न्यायाकडे नंतर वळू.

आधी फुकटचा पर्याय

व्हिसावर आलेल्या कुटुंबातल्या मुलांनाही इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत फी नसते. व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' अशी अट असली तरी सरकारी शाळा त्या अटीत मोडत नाही. इंग्लंडमधली साधारण ९३ टक्के मुले सरकारी शाळेतच शिकतात. केंब्रिजमध्ये पार्कसाइड, चेस्टरटन, नेदरहॉल या माध्यमिक शाळा आहेत, शहराबाहेर इम्पिंग्टन आणि कॉम्बरटनची व्हिलेज कॉलेजे आहेत. बारावीच्या तोडीच्या शिक्षणासाठी हिल्स रोड आणि लाँग रोड ही सिक्स्थ फॉर्म कॉलेजे आहेत. हिल्स रोडला येण्यासाठी मुले दूरदूरहून रोज आगगाडीने प्रवास करतात. धार्मिक वातावरण हवे असेल तर सेंट बीड्स ही अँग्लिकन आणि कॅथलिक चर्चनी मिळून चालवलेली माध्यमिक शाळाही सरकारी खर्चाचीच आहे. तिथे पाळकाचे मूल आणि प्लंबरचे मूल दोघेही शून्य फी भरतात, त्यामुळे सवलतीचा वादच उद्भवत नाही. माध्यमिकसाठी अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आणि प्राथमिकसाठी १५ जानेवारी. खाजगी शाळेचा विचार पक्का असला तरी हा अर्ज भरून ठेवा. तो भरायला पैसे पडत नाहीत, आणि खाजगी शाळेची मदत ऐनवेळी नाकारली गेली तर हातात जागा असते.

ठळक आकड्यामागचा खरा खर्च

आता खाजगी शाळा. १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या बहुतेक खाजगी शाळांना धर्मादाय संस्था म्हणून मिळणारी स्थानिक करातली सूटही गेली. दोन्हींचा भार थोडाफार तरी पालकांवर आला आहे.

हिशेबासाठी एक आकडा धरू. तो कोणत्याही एका शाळेचा नाही, पण या शहरातल्या माध्यमिक दिवसशाळेला अवास्तवही नाही : व्हॅटपूर्वी वर्षाला २४,००० पौंड. त्यावर व्हॅट ४,८००. एकूण २८,८००. पौंड ११५ ते १२० रुपयांचा धरला तर हे ३३ ते साडेचौतीस लाख रुपये होतात, एका मुलाचे, एका वर्षाचे. सातवीपासून तेरावीपर्यंत सात वर्षे मोजली तर फी एका पैशानेही वाढली नाही असे धरूनही दोन लाख पौंडांच्या वर जाते, आणि फी तर दरवर्षी वाढते.

याशिवाय नोंदणीशुल्क असते, ते परत मिळत नाही. जागा स्वीकारताना अनामत भरावी लागते. गणवेश, शाळेची बस, दुपारचे जेवण, संगीताचे खाजगी धडे, सहली, जीसीएसई आणि ए लेव्हलच्या परीक्षांचे शुल्क या गोष्टी कुठे फीमध्ये धरलेल्या असतात, कुठे नसतात. मुलांसाठी शाळेने दिलेले जेवण आणि बस यांवर व्हॅट नाही, शिकवण्याच्या फीवर आणि वसतिगृहावर आहे. आणखी एक कलम नीट वाचा : शाळा सोडायची असेल तर पूर्ण एका सत्राची लेखी सूचना द्यावी लागते, नाहीतर एका सत्राची फी भरावी लागते. कंपनी बदलून एकाएकी मँचेस्टरला किंवा पुण्याला जावे लागणाऱ्या कुटुंबांना हे कलम फार महागात पडते.

ब्रिटनमध्ये शाळेच्या फीवर आयकरात वजावट मिळत नाही. आजीआजोबा भारतातून पैसे पाठवणार असतील तर तिथल्या आयकरातली शिकवणी फीची वजावट फक्त भारतातल्या संस्थांसाठी आहे, हे त्यांना आधीच सांगा. परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (बँकेने आगाऊ गोळा करायचा कर) कापला जातो, त्याची मर्यादा आणि दर सरकार बदलत असते, म्हणून पाठवण्याच्या दिवशी बँकेत विचारूनच हिशेब करा.

सवलत कोणाला, आणि कशाबद्दल

सवलतींचे प्रकार वेगळे केल्याशिवाय न्यायाची चर्चा गोंधळात पडते. केंब्रिजमध्ये याची उत्तम उदाहरणे हाताशी आहेत.

किंग्ज कॉलेज १४४१ साली सहाव्या हेन्रीने स्थापन केले. चॅपलच्या प्रार्थनेत गायला सोळा मुले असावीत ही योजना त्याचीच. ती सोळा मुले आजही किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये शिकतात आणि त्यांच्या फीचा मोठा भाग कॉलेज उचलते. सेंट जॉन्स कॉलेजच्या शाळेतही गायक मुलांना, आणि आता मुलींनाही, अशीच मदत मिळते. त्या बदल्यात मूल सत्रात आठवड्यातले बहुतेक दिवस गाते, तालमी करते, नाताळच्या सुट्टीतही बरेच दिवस राबते. सवलत मुलाने स्वतः कमावलेली असते. आईबाप काय करतात याचा तिथे संबंध नाही. आवाजाची चाचणी कोणालाही देता येते आणि कानात सूर असलेल्या मराठी घरातल्या मुलांनी ती जरूर द्यावी. मात्र कामाचे स्वरूप ख्रिस्ती प्रार्थनेत गाण्याचे आहे आणि बहुतेक मुलांना वसतिगृहात राहावे लागते, हे घरात आधी बोलून घ्या.

दुसरा प्रकार शाळेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा. शिक्षक, शाळेचा चॅपलेन, कार्यालयातले लोक. ही सवलत म्हणजे पगाराचाच भाग.

तिसरा प्रकार बर्सरीचा : घरचे उत्पन्न आणि मालमत्ता तपासून दिलेली मदत. जुन्या पिढीला शाळेतली नादारी आठवत असेल, तीच ही. काही शाळांत ही मदत पूर्ण फीपर्यंत जाऊ शकते.

चौथा प्रकार आईबापाच्या व्यवसायाबद्दल दिलेल्या सवलतीचा. धर्मगुरूंची सवलत यात येते. केंब्रिजमधली द लेज ही शाळा १८७५ मध्ये मेथडिस्ट पंथीयांनी काढली आणि मेथडिस्ट शाळांमध्ये पाळकांच्या मुलांना मदत करण्याची परंपरा फार जुनी आहे. खुद्द जॉन वेस्लीने १७४८ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुड शाळा काढली, ती पुढे त्याच्या फिरत्या प्रवचनकारांच्या मुलांची शाळा झाली. मार्लबरो कॉलेज १८४३ मध्ये निघाले तेच चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकांच्या मुलांसाठी. लंडनजवळचे एल्टम कॉलेज परदेशी गेलेल्या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १८४२ साली सुरू झाले. म्हणजे यातल्या कित्येक शाळांत पाळकाचे मूल सवलतीने घुसलेले नाही, शाळाच त्याच्यासाठी निघाली आणि पूर्ण फी भरणारे नंतर आले. आजच्या पालकाने हे लक्षात ठेवले पाहिजे. पण दीडशे वर्षांपूर्वीचा हेतू आजच्या फीचा दर ठरवायला पुरेसा आहे का, हा प्रश्न त्याने संपत नाही.

ज्यू शाळांतला तोच वाद

या प्रश्नाची सर्वांत तीव्र चर्चा अमेरिकेतल्या ज्यू दिवसशाळांत होते. तिथे धार्मिक शाळांचा खर्च पालकांच्या फीवरच चालत आला आहे. सनातनी ज्यू घरात चारपाच मुले असतात आणि प्रत्येकाला ज्यू शाळेतच पाठवायचे असते. रब्बी आणि धर्मशिक्षक यांना अनेक शाळा मोठी सवलत देतात. पगार कमी, सेवा समाजाची, आणि ते टिकले नाहीत तर शाळेत शिकवायला कोणी उरणार नाही, अशी त्यामागची भूमिका. उलट बाजूला पाच मुलांची पूर्ण फी भरताना कर्जात बुडणारा सामान्य नोकरदार असतो. रब्बीच्या घरी कधी दुसरा पगारही चांगला असतो, कधी सासरची मालमत्ता असते, मग ते तपासल्याविना सरसकट सवलत का, असे तो विचारतो.

इंग्लंडमध्ये हा वाद सौम्य आहे, कारण इथल्या बहुतेक मोठ्या ज्यू शाळा सरकारी खर्चाच्या आहेत. लंडनची जेएफएस १७३२ पासून चालू आहे आणि आज तिथे फी नाही. धर्मशिक्षणासाठी पालकांकडून ऐच्छिक वर्गणी मागितली जाते, सक्ती करता येत नाही. केंब्रिजमध्ये थॉम्प्सन्स लेनवर १९३७ पासूनचे सिनेगॉग आहे, पण ज्यू दिवसशाळा नाही. एकेकाळी मात्र पर्स शाळेत ज्यू मुलांसाठी खास वसतिगृह होते. हिलेल हाउस त्याचे नाव, १९०४ ते १९४८ ते चालले. शनिवारी शब्बाथ पाळता यावा, आहाराचे नियम सांभाळता यावेत आणि शिक्षण मात्र सगळ्यांबरोबर व्हावे, अशी ती सोय होती.

आपल्याकडेही असा एक धागा आहे. कोकणातून मुंबईला आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजासाठी हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली ती १८७५ मध्ये, म्हणजे केंब्रिजची द लेज निघाली त्याच वर्षी. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. समाजाच्या वर्गणीवर आणि इंग्लंडमधल्या ज्यू संस्थेच्या मदतीवर ती उभी राहिली. बेने इस्रायल समाजातले बरेच लोक इस्रायलला गेल्यावर तिथले वर्ग मुख्यतः इतर धर्मांच्या मुलांनी भरले. धार्मिक समाजाने उभारलेली शाळा काळाच्या ओघात कोणाची होते, हे आपल्याला मुंबईतच पाहायला मिळते, आणि केंब्रिजमधल्या मेथडिस्ट किंवा कॅथलिक मुळाच्या शाळांतही आज सर्व धर्मांची मुले आहेत. पूर्ण फी भरणाऱ्यांत मराठी हिंदू घरेही आहेत. म्हणून त्यांना विचारण्याचा हक्क आहे.

पैसे कोण भरते

समजा एका शाळेत ६०० मुले आहेत आणि त्यांतल्या १२ जणांना धर्मगुरूंची ५० टक्के सवलत आहे. फी २४,००० धरली तर शाळेला १,४४,००० पौंड कमी मिळतात. उरलेल्या ५८८ जणांवर ते वाटले तर प्रत्येकी २४५ पौंड, व्हॅट धरून २९४. वर्षाला साधारण ३४ हजार रुपये. बुडवणारी रक्कम नव्हे, पण चिल्लरही नव्हे.

मात्र हा हिशेब शाळा भरलेली असेल तरच खरा. वर्गात जागा रिकामी असेल तर आणखी एक मूल बसवायला शाळेला जेवण, वह्यापुस्तके एवढाच जादा खर्च येतो, आणि अर्धी फी मिळाली तरी शाळेचा फायदाच होतो. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर हाच मुद्दा आला होता. माल्व्हर्न कॉलेजातले शिक्षक आपल्या मुलांची एक-पंचमांश फी भरत. आयकर खात्याचे म्हणणे, शाळेचा प्रत्येक मुलामागचा सरासरी खर्च धरून शिक्षकांवर कर लावा. शिक्षकांचे म्हणणे, रिकाम्या जागा भरल्या गेल्या, तेव्हा वाढीव खर्च तेवढाच धरा. १९९२ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने पेपर विरुद्ध हार्ट या खटल्यात शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. वकिलांना तो खटला कायद्याचा अर्थ लावताना संसदेतली भाषणे विचारात घेण्याच्या मुद्द्यासाठी ठाऊक आहे. पालकांनी त्यातून घ्यायचा प्रश्न साधा आहे : या इयत्तेत प्रतीक्षायादी आहे का? यादी असेल तर सवलतीची जागा पूर्ण फी भरणाऱ्याची किंवा एखाद्या गरजू मुलाची जागा खाते. यादी नसेल तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही.

व्हॅटने यात नवा फरक घातला आहे. शाळेने स्वतः फी कमी केली तर व्हॅट कमी झालेल्या फीवर लागतो. वरच्या उदाहरणात १२,००० आणि त्यावर २,४००, एकूण १४,४००. पण शाळेबाहेरच्या एखाद्या न्यासाने १२,००० पौंड शाळेला भरले, तर शाळेला पूर्ण २४,००० मिळाले असे धरले जाते आणि व्हॅट ४,८०० होतो. पालकाला १६,८०० भरावे लागतात. मदत तेवढीच, पण वर्षाला २,४०० पौंडांचा फरक. धर्मगुरूंना मदत करणारे जुने न्यास ब्रिटनमध्ये आहेत. त्यातला सर्वांत नामांकित, आजचा क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट, १६५५ पासूनचा आहे. तुम्हाला कोणत्याही न्यासाकडून मदत मिळणार असेल, अगदी कंपनीकडूनही, तर शाळेच्या लेखापालाला आधी विचारा की व्हॅट कोणत्या रकमेवर लागेल.

घर मोजायचे की नाही

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे.

चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाला मिळणारे मानधन वर्षाला साधारण तीस हजार पौंडांच्या आसपास. एनएचएसमधल्या नव्या नर्सचा पगारही जवळपास तेवढाच. कागदावर दोघे सारखे. पण पाळकाला राहायला घर मिळते, नर्सला केंब्रिजमध्ये दोनतीन खोल्यांच्या घरासाठी महिन्याला दीड ते दोन हजार पौंड भाडे भरावे लागते. वर्षाचे अठरा ते चोवीस हजार. ते कर कापून गेल्यावर उरलेल्या पैशातून. केवळ मानधनाचा आकडा पाहून सवलत देणारी शाळा या नर्सवर अन्याय करते.

आता दुसरी बाजू. ते घर पाळकाचे नसते. निवृत्त झाला, आजारी पडला, वारला, की कुटुंबाला ते सोडावे लागते. ज्या वयात इतर लोक घराचे हप्ते फेडून मालक होतात, त्या वयात पाळकाच्या नावावर काही नसते. बदल्याही होतात. मेथडिस्ट पाळक तर ठरावीक वर्षांनी गाव बदलतोच, आणि मुलाच्या शाळेचा धागा तुटू नये म्हणूनच पूर्वी त्यांना वसतिगृहाची गरज होती. एका विशिष्ट कामाला समाज मुद्दाम कमी पैसे देतो आणि ती माणसे ते स्वीकारतात, तेव्हा त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची काही जबाबदारी समाजावर येते. हे महाराष्ट्राला परके नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर आयुष्याची उमेदीची वर्षे देत. याच केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून १८९९ मध्ये सीनियर रँग्लर होऊन रघुनाथराव परांजपे फर्ग्युसनमध्ये त्याच शर्तीवर शिकवायला परत गेले. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांच्या पाल्यांना महाराष्ट्रात फीमाफी असते, तिच्यामागे हीच भावना आहे. आणि ई.बी.सी. सवलत उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळते, तिच्यामागे दुसरी. आपण दोन्ही तत्त्वे पाहिली आहेत.

म्हणून न्याय्य तपासणीत मोफत घराचे भाडे उत्पन्नात धरले पाहिजे आणि स्वतःचे घर नसणे मालमत्तेच्या रकान्यात धरले पाहिजे. पाळकालाही, रब्बीलाही, मंदिराच्या पुजाऱ्यालाही आणि नर्सलाही हाच नियम. अशी तपासणी झाली तर बऱ्याच पाळकांना मदत मिळेलच, फक्त ती पाळक म्हणून नाही, गरज आहे म्हणून मिळेल. ज्याची पत्नी किंवा पती मोठ्या औषधकंपनीत वरच्या पदावर आहे त्या धर्मगुरूला मिळणार नाही, आणि मिळूही नये. शाळेचा स्वतःचा चॅपलेन किंवा धर्मशिक्षक यांची गोष्ट निराळी. ती सवलत पगारात मोजावी आणि शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाला जेवढी, तेवढीच असावी.

सरसकट सवलतीचा आणखी एक धोका आहे, तो घेणाऱ्यालाच. पॅट्रिक ब्राँटे १८०२ मध्ये सेंट जॉन्समध्ये आला तो सायझर म्हणून, म्हणजे कमी फीत शिकणारा गरीब विद्यार्थी. कॉलेजने आणि हितचिंतकांनी त्याला उभे केले, तो पाळक झाला. पुढे त्याने चार मुलींना लँकशरमधल्या काउअन ब्रिजच्या पाळककन्यांच्या शाळेत पाठवले. वर्षाची फी १४ पौंड, बाकीचा खर्च वर्गणीदारांच्या देणग्यांतून. अन्न वाईट, इमारत थंड. मरिया आणि एलिझाबेथ या मोठ्या दोघी तिथून क्षयाने आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ च्या मे-जूनमध्ये वारल्या. त्या चौघींतल्याच शार्लटने 'जेन एअर' या कादंबरीत तीच शाळा लोवुड या नावाने रंगवली. मेहेरबानीने जागा मिळाली की पालकाचा तक्रारीचा आवाज बसतो. आजच्या शाळा तशा नाहीत, पण सवलत मिळालेल्या पालकाने गप्प राहावे ही अपेक्षा अजून पुसलेली नाही. म्हणून मदत लेखी शर्तींवर घ्यावी, उपकार म्हणून घेऊ नये.

शाळेला काय विचाराल

पहिल्या भेटीतच विचारा : बर्सरीसाठी दरवर्षी किती पैसे ठेवलेले आहेत, आणि त्यातले उत्पन्न तपासून किती दिले जातात? धर्मगुरूंची सवलत असेल तर 'धर्मगुरू' म्हणजे कोण? अनेक शाळांत त्याचा अर्थ ठरावीक चर्चचे दीक्षित पाळक एवढाच असतो. धार्मिक स्वरूपाची म्हणून नोंद असलेल्या शाळांना समानता कायद्यात धर्माबाबत काही सूट आहे, त्यामुळे पुजाऱ्याच्या मुलाला नकार मिळाला तर तो दर वेळी बेकायदा ठरत नाही. मराठी ख्रिस्ती पाळक इथे सेवेसाठी आले असतील तर भारतातली दीक्षा चालते का, हे लेखी घ्या. भावंडांची आणि व्यवसायाची सवलत एकत्र मिळते का? मदत दरवर्षी पुन्हा तपासतात का, आणि उत्पन्न मध्येच वाढले तर काय? शाळेच्या अडचणीत ती काढून घेता येते का?

बर्सरीच्या अर्जात भारतातली मालमत्ताही लिहायची असते. पुण्याचा फ्लॅट, गावची जमीन, ठेवी. लपवू नका. खोटी माहिती निघाली तर मदत तर जातेच, आधीचे पैसेही परत मागितले जाऊ शकतात. जमीन भावकीत अडकलेली असेल, विकता येत नसेल, तर तसे कागदासह सांगा. समजूतदार शाळा ऐकतात. आणि व्हिसाच्या भीतीने अर्ज टाळू नका. खाजगी शाळेची बर्सरी हा सार्वजनिक निधी नाही.

एक काम घरबसल्या करता येते. इंग्लंडमधल्या ज्या खाजगी शाळा धर्मादाय संस्था आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे वार्षिक हिशेब चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कोणालाही फुकट पाहता येतात. शाळेने गरिबांना नावापुरती नव्हे, त्याहून अधिक मदत केली पाहिजे, असे २०११ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितले आहे. ती कशी करायची, हे विश्वस्तांवर सोडले आहे. त्यामुळे हिशेबात 'सवलती' असा एकच आकडा असेल तर तो शिक्षकांचा, पाळकांचा, भावंडांचा की गरजूंचा, हे पालकांनी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. पालकसंघाच्या सभेत हा प्रश्न विचारा. पाळकांविरुद्ध म्हणून विचारू नका. सगळ्यांना एकच तपासणी लावा आणि व्यवसायानुसार दिलेली प्रत्येक सवलत वेगळ्या ओळीत छापा, एवढीच मागणी करा. अनामत भरण्यापूर्वी ही ओळ शोधा. ती सापडली नाही, तर बर्सरीसाठी अर्ज करा आणि त्याच पत्रात ती मागा.